रिपोर्टात काही ठळक छापलेलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय ४२, नाशिकच्या अंबडमध्ये कारखान्यात शिफ्ट ड्युटी. थोरल्या भावाला ४६ व्या वर्षी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. त्या धसक्याने तुम्ही रक्त तपासून घेतलंत. टोटल कोलेस्टेरॉल १९६, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) १८०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १२४, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. बीपी १३४/८६, कंबर ९६ सेंटिमीटर. सिगारेट नाही, पण तंबाखू-चुना आहे. लॅबमध्ये कोणीतरी म्हणालं, ‘किरकोळ इकडेतिकडे आहे, बाकी नॉर्मल.’ आता तुम्हाला विचारायचंय की सत्तर टेस्टचं पॅकेज करू का, खायचं काय, आणि गोळी लागेल का.

स्पष्टच सांगतो. तुमच्यासाठी हा रिपोर्ट नॉर्मल नाही. आकड्यासमोर छापलेली मर्यादा सगळ्यांना सारखीच असते. ज्याच्या घरात कोणालाच हृदयविकार नाही, जो तंबाखू खात नाही, ज्याची कंबर ८२ आहे, त्याच्याही रिपोर्टावर तीच ‘१३० च्या आत’ ही ओळ असते. तुमची मर्यादा ठरते ती भावाच्या अटॅकवरून, तोंडातल्या पुडीवरून, बीपी-साखरेवरून. लॅबला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून कागदावर काय ठळक आहे ते बघत बसू नका, तुमच्यासाठी कुठला आकडा किती हवा ते आधी ठरवून घ्या.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मर्यादा जाहीर केल्या. कमी धोक्याच्या सर्वसाधारण माणसानेसुद्धा एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल (टोटलमधून एचडीएल वजा जाऊन उरतं ते) १३० च्या आत ठेवावं. धोका जास्त असेल, म्हणजे मधुमेह किंवा बीपीसारखं काही असेल, तर एलडीएल ७० आणि नॉन-एचडीएल १०० च्या आत. ज्यांना अटॅक येऊन गेलाय, तुमच्या भावासारखे, त्यांचं एलडीएल ५५ च्या खाली. म्हणजे सगळ्यात सौम्य मापाने मोजलं तरी तुम्ही रेषेच्या बाहेर आहात.

आता रिपोर्ट हातात घ्या, एक गोष्ट दाखवतो. त्यावर व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड्स वाहून नेणारे कण) ३६ असं छापलेलं असेल. बहुतेक ठिकाणी हा आकडा मशीन मोजत नाही. ट्रायग्लिसराइड्स १८० ला पाचने भागलं, झाले ३६. मग टोटल १९६ मधून एचडीएलचे ३६ वजा, व्हीएलडीएलचे ३६ वजा, उरले १२४. हेच तुमचं एलडीएल. हे सूत्र १९७२ पासून चालत आलंय आणि साधारण माणसात बरं चालतं. पण ट्रायग्लिसराइड्स वाढायला लागले की त्याचा नेम चुकतो, एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. ४०० च्या वर तर ते वापरायचंच नसतं. म्हणून पोट सुटलेल्या, साखर सीमेवर असलेल्या माणसात मी आधी नॉन-एचडीएल बघतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. टोटलमधून एचडीएल वजा करायचं, बस. तुमचं येतं १६०. हवं १३० च्या आत. एलडीएल मर्यादेच्या २४ वर आहे, नॉन-एचडीएल ३० वर.

टोटल कोलेस्टेरॉल २०० च्या आत आहे म्हणून आनंद मानणारे रोज भेटतात. त्यातला निम्मा दिलासा खोटा असतो, कारण एचडीएल कमी असलं की टोटलही आपोआप कमी दिसतं. आणि एचडीएल वाढवायच्या मागेही लागू नका. औषधांनी एचडीएल वाढवून पाहिलं, मोठ्या चाचण्या झाल्या, अटॅक काही कमी झाले नाहीत. कमी एचडीएल हे पोटाच्या चरबीचं आणि बसून राहण्याचं लक्षण समजा. ते मूळ सुधारलं की आकडा आपला आपण थोडा वर येतो.

हे एवढं ताणून सांगण्याचं कारण रक्तवाहिनीच्या आत काय चालतं त्यात आहे. एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात, तिथे अडकतात, त्यांच्याभोवती सूज येते, थर चढतो. हे तिशीच्या आधीच सुरू झालेलं असतं. आकडा किती आणि तो किती वर्षं तसा राहिला, या दोन्हींचा गुणाकार महत्त्वाचा. बँकेच्या चक्रवाढ व्याजासारखं हे चढत जातं, म्हणून ४२ व्या वर्षी उतरवलेले ३० आकडे ६२ व्या वर्षी उतरवलेल्या ३० पेक्षा कितीतरी जास्त उपयोगी. भारतीय उपखंडातल्या माणसाला पहिला अटॅक लवकर येतो, हेही मोजलं गेलंय. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्याकडे पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ निघालं, इतर देशांत ५९ च्या आसपास. त्याच अभ्यासाने २००४ मध्ये दाखवून दिलं की जगभरातल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींनी सांगता येतो: रक्तातल्या चरबीचं प्रमाण, तंबाखू, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारू. यातल्या बहुतेक आपल्या हातातल्या आहेत. मला या यादीतून सगळ्यात मोठं बळ मिळतं ते याच कारणाने.

मग आणखी कुठल्या तपासण्या? सत्तर टेस्टचं पॅकेज नको. त्यात तुमच्या कामाच्या सात-आठच असतात, आणि जी खरी हवी ती बहुतेक वेळा नसतेच. ती म्हणजे लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलचाच एक चिकट भाऊबंद, जन्मतः ठरलेला. खाण्याने, व्यायामाने तो हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासला की पुरे. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो, आणि भारतात साधारण चौघांत एकाला तो वाढलेला असतो. घरात पन्नाशीच्या आत अटॅक आलाय, म्हणजे तुम्ही ही तपासणी कराच; भावाचीही झाली नसेल तर करून घ्या. लॅबमध्ये सांगताना नीट सांगा. ‘अपोलायपोप्रोटीन-ए-वन’ नावाची एक वेगळीच टेस्ट आहे, गडबडीत तीच लिहिली जाते आणि पैसे वाया जातात. लायपोप्रोटीन-ए जास्त निघालं तर घाबरायचं नाही. आज त्यावर सर्रास मिळणारं खास औषध नाही, पण मग बाकी सगळं जास्त कडक ठेवायचं आणि एलडीएल ७० च्या खाली न्यायचं, एवढं पक्कं होतं.

खिशाला परवडत असेल तर अपो-बी करा. ती कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या वाईट कणांची संख्या सांगते, आणि तुमच्यासारख्या ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या माणसात एलडीएलपेक्षा खरी बोलते. थायरॉइडची टीएसएच एकदा करा, कारण थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि मग कोलेस्टेरॉलची गोळी देण्याआधी थायरॉइडची द्यावी लागते. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघा. यकृतासाठी एसजीपीटी बघा, पोट सुटलेल्या माणसाचं यकृतही अनेकदा चरबीने भरलेलं असतं. एचबीए१सी तुमचं ५.९ आहे. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा, आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान मधुमेहाचा शिक्का बसेपर्यंत थांबून राहत नाही. होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) वगैरे सोडून द्या. जीवनसत्त्वं देऊन ते कमी करता येतं, पण अटॅक त्याने कमी झाले नाहीत.

कोलेस्टेरॉल उपाशीपोटीच तपासावं लागतं असं नाही, खाऊनही चालतं. फक्त ट्रायग्लिसराइड्स खूप वाढलेले आले तर उपाशीपोटी परत करा. आदल्या रात्री लग्नाची पंगत किंवा दारू झाली असेल, किंवा नुकताच ताप येऊन गेला असेल, तर मात्र थांबा. आकडे फसवतात.

‘ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली’ हेही लोक ढालीसारखं पुढे करतात. ट्रेडमिलवर चालवून केलेली ही स्ट्रेस टेस्ट पकडते ती बऱ्यापैकी अरुंद झालेली वाहिनी. अटॅक मात्र अनेकदा ४०-५० टक्क्यांचा मऊ थर फुटून, त्यावर गुठळी जमून येतो. असा थर आदल्या आठवड्यात ट्रेडमिलवर दिसलेला नसतो. गोळी सुरू करावी की नाही याबद्दल डॉक्टर आणि तुम्ही दोघंही साशंक असाल तर हृदयाच्या वाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा, कॅल्शियम स्कोअरचा सीटी उपयोगी पडतो. त्यात कॅल्शियम दिसलं तर वाद संपला. शून्य आला तर थोडा अवधी मिळतो, पण तंबाखू चालू असताना त्या शून्याच्या भरवशावर राहू नका.

तंबाखू. तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत, मी उरकणार नाही. सातपूर-अंबडच्या प्रत्येक शिफ्टमध्ये ही पुडी फिरते. ‘सिगारेट नाही, नुसती तंबाखू’ हे मी मशेरी लावणाऱ्या आयाबायांकडूनही ऐकतो. त्याच इंटरहार्टच्या आकडेवारीत तंबाखू चघळणाऱ्यांचा अटॅकचा धोका जवळपास दुप्पट निघाला होता. धूर नसला तरी निकोटीन गालातून रक्तात जातं, नाडी वाढते, बीपी चढतं, वाहिन्या आवळतात. एलडीएलचे ३० आकडे उतरवायला महिने लागतील. पुडी आज टाकलीत तर फायदा आजपासून मोजायचा. पहिले दोन आठवडे त्रासाचे असतात, विशेषतः नाइट शिफ्टला तीनच्या सुमाराला. तेव्हासाठी निकोटीनचं च्युइंगगम खिशात ठेवा, पण त्याची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. १८००-११२-३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. आणि सोबतच्या दोघा-तिघांना घेऊन सोडा. एकट्याने सोडणाऱ्यापेक्षा टोळक्याने सोडणारे जास्त टिकलेले मी बघितलेत.

खाण्याबद्दल एक भ्रम आधी काढतो. आहाराने सगळे आकडे सारखे हलत नाहीत. ट्रायग्लिसराइड्स आणि साखर आहाराला भराभर दाद देतात. दारू असली तर ती थांबवणं, साखर-मैदा कमी करणं आणि वजनात पाच-दहा टक्क्यांची घट, एवढ्याने ट्रायग्लिसराइड्स डोळ्यात भरण्याएवढे उतरतात. एलडीएल मात्र हट्टी असतं, ते बरंचसं यकृत स्वतः बनवतं. चांगल्या आहाराने ते साधारण दहा-पंधरा टक्के उतरेल. तुमच्या १२४ चे १०८ होतील, ८० होणार नाहीत. हे माहीत असलं म्हणजे तीन महिने मनापासून पाळून निराश व्हायची वेळ येत नाही.

तेलापासून सुरुवात करा, कारण तिथे मोजता येतं. पाच लिटरचा कॅन फोडलात की त्याच्यावर मार्करने तारीख लिहा. चौघांच्या घरात तो साधारण दोन महिने पुरला पाहिजे. मी माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर धरतो. बहुतेक घरांत तो महिन्याभरात संपतो आणि कोणालाच कळत नाही, कारण कोणी दिवस मोजलेलेच नसतात. शेंगदाणा तेल चांगलं, करडई चांगलं, आलटून पालटून वापरा. वनस्पती तूप घरात नको. ट्रान्स फॅटवर सरकारने २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आणली हे खरं, पण गाड्यावरच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा तापतं त्याचं काय? घरचं साजूक तूप वरणभातावर एखादा चमचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘तूप कितीही खा, ते औषध आहे’ असं सांगणाऱ्यांबद्दल आहे.

नाशिककराला मिसळ सोडायला सांगणारा डॉक्टर नाशिकमध्ये टिकणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. मिसळीतली मोड आलेली मटकी उत्तम अन्न आहे. अडचण वरच्या तर्रीची, फरसाणाची आणि तीन-चार पावांची. रविवारी गंगापूर रोडला गेलात की मटकी जास्त मागा, तर्री वेगळ्या वाटीत घेऊन दोन चमचे घाला, फरसाण चिमूटभर, पाव एक, पापड नको. आणि हे रविवारचं, रोजच्या कॅन्टीनचं नाही. खरं तर कॅन्टीन हाच तुमचा मोठा शत्रू: पहाटेचा वडापाव, चार गोड चहा, वर बिस्किटाचा पुडा. घरून डब्यात उसळ आणि दोन भाकऱ्या न्या. बाजरी, ज्वारी, नागली, जी आवडेल ती. नागली पौष्टिक आहे म्हणून चार भाकऱ्या चालतात असं मात्र नाही, साखर तीही वाढवते. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीची ठेवा. मठ, हुलगे, हरभरा, मसूर यातला विरघळणारा चोथा कोलेस्टेरॉल बाहेर नेतो. जवसाची, कारळ्याची चटणी आपल्याकडे घरोघरी असते, ती रोज खा, फक्त मीठ बेताचं घाला. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स खाण्यापेक्षा भगर-आमटी मापात खा. काळ्या मसाल्याचं मटण पंधरा दिवसांतून एकदा, चार फोडी, वरचा तवंग काढून. अंड्याची भीती नको.

मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा सपाट, सगळ्या पदार्थांत मिळून. लोणचं, पापड, चिवडा, फरसाण हे त्यातच धरायचे. बीपी १३४/८६ असताना गोळी टाळायची असेल तर हा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. बीपीचं मशीन घ्या, दंडाचं, मनगटाचं नको. सकाळी पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजा आणि आठवडाभर लिहून ठेवा. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर बीपीचा आजार आहे असं धरायचं.

आपण द्राक्षांच्या आणि वाइनच्या जिल्ह्यात राहतो, त्यामुळे ‘रेड वाइन हृदयाला चांगली ना डॉक्टर?’ हा प्रश्न मला हमखास येतो. नाही. हृदयासाठी म्हणून दारू सुरू करायला मी कोणालाच सांगणार नाही. तुमचे ट्रायग्लिसराइड्स १८० असताना तर नाहीच. द्राक्षं खा, मूठभर, जेवणानंतर घोस संपवत बसू नका. लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरचा ‘ब्लॉकेज उघडणारा’ काढा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो. त्याने ब्लॉकेज उघडत नाही. नुसता वेळ जातो, आणि त्या काळात चालू गोळ्या बंद केलेल्या माणसांची अवस्था मी पाहिलेली आहे.

चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. कृषिनगरचा ट्रॅक, गोदापार्क, कुठेही. शिफ्टमुळे रोज जमत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, साखरेला त्याचा वेगळा फायदा होतो. आठवड्यातून दोनदा उठाबशा-जोर काढा. झोप सहा तासांच्या खाली नको. नाइट असेल तर दिवसा खोलीत पूर्ण अंधार करून झोपा. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांचं म्हणणं असेल, तर तेही तपासून घ्या, कारण त्यातून बीपी वाढतं. आणि पांडवलेणीच्या पायऱ्या गेल्या वर्षी सहज चढत होता, यंदा मध्येच छातीत दडपण येऊन थांबावं लागलं, असं झालं तर ‘स्टॅमिना कमी झाला’ म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. बसल्या जागी छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात भरून येणं असं झालं तर अॅसिडिटीची गोळी घेऊन वाट बघायची नाही. स्वतः गाडी न चालवता १०८ बोलवा नाहीतर कोणाला तरी घेऊन जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि जाताक्षणी ईसीजी मागा.

राहता राहिली गोळी. तंबाखू बंद, वरचा आहार, चालणं, हे तीन महिने करा आणि त्याच लॅबमध्ये परत तपासा. नॉन-एचडीएल १३० च्या आत आणि लायपोप्रोटीन-ए कमी असेल तर थांबू शकतो. लायपोप्रोटीन-ए जास्त असेल, किंवा कॅल्शियम स्कोअर शून्य नसेल, किंवा आकडे हललेच नाहीत, तर मी तुमच्या वयातही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, देईन, आणि ठामपणे देईन. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक-पॅरालिसिससारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. औषधशास्त्रात इतका भक्कम पुरावा फार थोड्या गोळ्यांना आहे. स्टॅटिनने साखर थोडी वाढू शकते, आणि तुम्ही उंबरठ्यावर आहात, म्हणून दर सहा महिन्यांनी एचबीए१सी बघायचं. अंग दुखलं तर मनाने बंद करू नका, कळवा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. ‘एकदा सुरू झाली की जन्मभर’ ही भीती खरी आहे, कारण धोकाही जन्मभराचा आहे. अॅस्पिरिन मात्र भाऊ घेतो म्हणून तुम्ही घेऊ नका. त्याला स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आहे. तुम्हाला अटॅक आलेला नाही, अशा माणसात रोजच्या अॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका फायद्याला खाऊन टाकतो.

तपासायला जाल तेव्हा भावाचं डिस्चार्ज कार्ड, तुमचे जुने रिपोर्ट आणि बीपीची वही सोबत ठेवा. बहीण असेल तर तिचीही लायपोप्रोटीन-ए करा. बायकांना होत नाही ही समजूत चुकीची आहे. आणि पुतण्या-पुतणीला १८ पूर्ण असतील तर त्यांचा पहिला लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) याच महिन्यात करून घ्या. वडिलांना ४६ व्या वर्षी अटॅक आलाय म्हटल्यावर त्याहून लहान असली तरी बालरोगतज्ज्ञांना विचारून करता येतो.